अमेरिकेतल्या पब्लिक स्कूलमधली वांशिक विषमता: आकडे कुठे बघायचे, बोर्डाकडे काय मागायचं

रानवारा

शाळेचा विषय निघाला की आपल्या, म्हणजे अमेरिकेतल्या मराठी घरांतल्या, गप्पा शाळेच्या रेटिंगवर येऊन थांबतात. कुठली शाळा नऊ, कुठली दहा. त्याच डिस्ट्रिक्टमधल्या (एका शाळाबोर्डाखालच्या सरकारी शाळांमधल्या) कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांच्या वाट्याला काय येतं, हे फार कमी वेळा विचारलं जातं. आपली मुलं त्याच वर्गांत बसतात, आपला प्रॉपर्टी टॅक्स त्याच तिजोरीत जातो, नागरिक झालेले लोक त्याच बोर्डाला मत देतात. त्यामुळे हा प्रश्न आपलाही आहे असं मला ठामपणे वाटतं. हा धागा कामाच्या माहितीसाठी आहे. अनुभवकथन दुसरीकडे करू, इथे पद्धत आणि आकडे येऊ द्या.

सुरुवात सस्पेन्शनपासून (शिक्षा म्हणून काही दिवस घरी पाठवणं) करतो, कारण त्याचे आकडे मिळायला सगळ्यात सोपे.

फेडरल (केंद्रीय) शिक्षण खात्याचं 'सिव्हिल राइट्स डेटा कलेक्शन' साधारण दर दोन वर्षांनी प्रत्येक पब्लिक स्कूलकडून, म्हणजे सरकारी शाळेकडून, माहिती घेतं: सस्पेन्शन, पोलिसांकडे पाठवलेली मुलं, गिफ्टेड (खास हुशार मुलांचे वर्ग), आठवीतलं अल्जिब्रा, एपी (हायस्कूलमधले कॉलेज पातळीचे वर्ग), कॅल्क्युलस. सगळं वंशनिहाय. साइटवर डिस्ट्रिक्टचं नाव टाकलं की तक्ता मिळतो. आकडे दोनतीन वर्षं जुने असतात, पण दिशा कळते.

आता हिशेब. समजा डिस्ट्रिक्टमध्ये ६,००० मुलं आहेत. त्यातली ६०० कृष्णवर्णीय, त्यांपैकी ४८ जणांना वर्षात एकदा तरी घरी पाठवलं. म्हणजे ८ टक्के. उरलेल्या ५,४०० पैकी १०८ जणांना पाठवलं, म्हणजे २ टक्के. ८ भागिले २ म्हणजे रिस्क रेशो ४. देशभरात २०१७-१८ साली कृष्णवर्णीय मुलं एकूण पटाच्या साधारण १५ टक्के होती, पण घरी पाठवलेल्या मुलांमध्ये ३८ टक्के. याच रीतीने रेशो जवळजवळ साडेतीन येतो.

तीन ठिकाणी गफलत होते.

एक, 'किती मुलं' आणि 'किती वेळा' हे दोन वेगळे स्तंभ आहेत. एकाच मुलाला सहा वेळा पाठवलं असेल तर दुसऱ्या स्तंभात सहा दिसतात. दोन, संख्या लहान असेल तर रेशो फसवतो. शाळेत १२ कृष्णवर्णीय मुलं आणि दोघांचं सस्पेन्शन यावरून काहीच सिद्ध होत नाही. तिथे एका शाळेऐवजी अख्खा डिस्ट्रिक्ट घ्या किंवा तीन फेऱ्यांची बेरीज करा. तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, कारणांची फोड मागा. हत्यार, ड्रग्ज, मारामारी यांत शिक्षकाच्या मताला फारसा वाव नसतो. 'उद्धटपणा', 'वर्गात व्यत्यय', 'आज्ञाभंग' यांत सगळा वाव मताला. रेशो या दुसऱ्या गटात फुगलेला असेल तर बोर्डापुढे बोलायला भक्कम मुद्दा मिळतो.

कॅलिफोर्नियाने नेमकं यावर बोट ठेवलं. आज्ञाभंगासाठी सस्पेन्शन देणं आधी तिसरीपर्यंत बंद, मग आठवीपर्यंत, आणि जुलै २०२४ पासून हायस्कूललाही. पण अशी बंदी आली की काही शाळा पालकांना फोन करतात, 'आज लवकर घेऊन जा'. नोंद होत नाही, आकडा घसरतो, मूल मात्र घरीच बसतं. म्हणून लवकर नेलेल्या मुलांची हजेरी-नोंद, इन-स्कूल सस्पेन्शन (शाळेतच, पण वर्गाबाहेर बसवणं) आणि दुसऱ्या शाळेत केलेल्या बदल्या, हे तिन्ही सोबत मागायचे.

मैत्रेयी_एस

धाग्याबद्दल आभार. आकडे वाचताना आणखी दोन खड्डे आहेत.

पहिला 'एशियन' हा स्तंभ. त्यात भारतीय, चिनी, कोरियन आणि ह्मोंग, कंबोडियन, लाओशियन सगळे एकत्र. सरासरी चकचकीत दिसते आणि निर्वासित म्हणून आलेल्या कुटुंबांतली, वाचनात मागे पडलेली मुलं तिच्याखाली झाकली जातात. 'एशियन मुलांचं उत्तम चाललंय' असं कुणी सभेत म्हणालं की उपगट आणि घरची भाषा यांनुसार फोड मागा. घरच्या भाषेची नोंद शाळेकडे असतेच, त्यामुळे 'आमच्याकडे माहिती नाही' हे उत्तर चालत नाही.

दुसरा 'फ्री लंच'. गरिबी मोजायला वर्षानुवर्षं हाच आकडा वापरला जातो. पण कम्युनिटी एलिजिबिलिटी योजनेत शाळा बसली की सगळ्याच मुलांना जेवण मोफत मिळतं. २०२३ मध्ये या योजनेची अट ४० टक्क्यांवरून २५ वर आली. म्हणजे चौथा हिस्सा मुलं थेट पात्र असलेल्या शाळेतही काही तक्त्यांत १०० टक्के फ्री लंच दिसू शकतं. तुलनेसाठी 'डायरेक्ट सर्टिफिकेशन'चा आकडा घ्या: स्नॅप (अन्नासाठीची मदत) वगैरे सरकारी मदतीच्या यादीतून परस्पर जुळलेली मुलं. फॉर्मची भानगड नाही, आणि शाळांची तुलना प्रामाणिक होते.

दर्यासारंग

पैशाबद्दल लिहितो, कारण बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे.

शाळेच्या खर्चात फेडरल सरकारचा वाटा साधारण दहावा हिस्सा, बाकीचा राज्य आणि स्थानिक कर मिळून. स्थानिक कर म्हणजे मुख्यतः प्रॉपर्टी टॅक्स. महाग घरांच्या गावाला कमी दराने जास्त पैसा मिळतो, गरीब गावाला जास्त दर लावूनही कमी. याविरुद्ध टेक्सासमधले पालक सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. १९७३ च्या सॅन अँटोनियो विरुद्ध रॉड्रिग्ज निकालात कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की शिक्षण हा फेडरल घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही. तेव्हापासून ही लढाई राज्याराज्यांच्या घटनांवर लढली जाते.

न्यूजर्सीत राहणाऱ्यांना 'ॲबट' हे नाव माहीत असायला हवं. ॲबट विरुद्ध बर्क या खटल्यातल्या निकालांमुळे गरीब शहरी डिस्ट्रिक्टांना श्रीमंत उपनगरांच्या तोडीचा निधी देणं राज्याला भाग पडलं. १९९८ च्या निकालाने तिथल्या तीन आणि चार वर्षांच्या मुलांना दर्जेदार प्रीस्कूल मिळालं: वर्गात जास्तीत जास्त १५ मुलं, प्रशिक्षित शिक्षक आणि एक मदतनीस. कोर्टाच्या आदेशातून मुलांपर्यंत नेमकं काय पोहोचावं, याचा हा फार चांगला नमुना आहे.

कॅलिफोर्नियाचा मार्ग वेगळा. २०१३ पासून तिथे गरीब, इंग्रजी शिकणारी आणि फॉस्टर केअरमधली (सरकारने दुसऱ्या घरी सांभाळायला ठेवलेली) मुलं मोजून प्रत्येकामागे मूळ अनुदानाच्या २० टक्के जादा मिळतात. अशी मुलं ५५ टक्क्यांच्या वर गेली की त्या मर्यादेपलीकडच्या प्रत्येक मुलामागे आणखी ६५ टक्के. हा पैसा कुठे गेला ते डिस्ट्रिक्टच्या 'एलकॅप' आराखड्यात लिहावं लागतं आणि तो दरवर्षी १ जुलैपूर्वी मंजूर होतो. गोम अशी की डिस्ट्रिक्ट तो पैसा 'सगळ्या शाळांसाठी' म्हणून पसरून टाकतात. आराखड्यातल्या प्रत्येक खर्चासमोर 'हा या मुलांसाठीच मुख्यत्वे कसा?' असं लेखी विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर काउंटीच्या शिक्षण कार्यालयाकडे जाता येतं, कारण आराखड्याला मान्यता तेच देतं.

डिस्ट्रिक्टच्या आतली विषमता अजून लपलेली असते. समजा दोन शाळांत प्रत्येकी २० शिक्षक आहेत. कागदावर बरोबरी. पण एकीत सरासरी पगार ९५,००० आणि दुसरीत ६५,०००, कारण अनुभवी शिक्षक बदली घेऊन पहिल्या शाळेत गेले. फरक ६ लाख डॉलर, दरवर्षी. टायटल वनची (गरीब मुलांच्या शाळांसाठीचा फेडरल निधी) जुनी 'कंपॅरेबिलिटी', म्हणजे शाळांच्या बरोबरीची, तपासणी शिक्षकसंख्येवर भागते, तिला हा फरक दिसत नाही. २०१५ च्या फेडरल शिक्षण कायद्याने मात्र प्रत्येक शाळेचा विद्यार्थ्यामागचा खर्च खऱ्या पगारांसह जाहीर करणं बंधनकारक केलं. राज्य शाळांबद्दल जे रिपोर्ट कार्ड काढतं त्यावर तो असतो. शाळावार उतरवून घ्या, शेजारी कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांची टक्केवारी आणि पहिल्या-दुसऱ्या वर्षातल्या शिक्षकांची टक्केवारी ठेवा. तीन स्तंभ, एक पान. बोर्डाचे सदस्य हे पान वाचतात.

आपल्या परंपरेत हा मुद्दा नवा नाही. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे हेच मांडलं होतं: सरकारचा महसूल रयतेच्या कष्टाचा, आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या पदरात. कुणाचा पैसा कुणाच्या मुलांवर खर्च होतोय हा प्रश्न त्यांनी थेट विचारला. आपणही तो तितक्याच थेटपणे विचारावा.

शुक्रतारा

सगळं वाचलं, बरंचसं पटलं. पण ज्या प्रश्नाने आपले पालक अस्वस्थ होतात तो मांडते. समतेच्या नावाखाली वरचे वर्ग बंद होतात असा अनेकांचा अनुभव आहे. सॅन फ्रान्सिस्कोत आठवीचं अल्जिब्रा काढून टाकलं. व्हर्जिनियात थॉमस जेफरसन या निवडक मुलांना घेणाऱ्या सरकारी हायस्कूलची प्रवेश परीक्षा गेली. अभ्यासू मुलाला मागे खेचून दुसरा पुढे कसा जाणार? प्रश्न मनापासूनचा आहे.

रानवारा

शुक्रतारा, प्रश्न रास्त आहे. पण तुम्ही दिलेली दोन उदाहरणं एका जातीची नाहीत.

सॅन फ्रान्सिस्कोने २०१४ मध्ये आठवीचं अल्जिब्रा सगळ्यांसाठीच काढलं. ज्यांना परवडलं त्यांनी ते बाहेर पैसे देऊन केलं. ज्यांना नाही परवडलं त्यांच्यासाठी कॅल्क्युलसची वाट आणखी लांब झाली. मार्च २०२४ मध्ये मतदारांनी ते परत आणावं असा कौल दिला. माझ्या मते तो निर्णय चुकीचाच होता आणि त्याचा मोठा फटका गरीब मुलांना बसला.

थॉमस जेफरसनमध्ये वर्ग बंद झाले नाहीत, अभ्यासक्रमही तोच राहिला, प्रवेशाची रीत बदलली. परीक्षा आणि १०० डॉलर फी काढली, जागा ५५० केल्या आणि प्रत्येक मिडल स्कूलमधल्या वरच्या दीड टक्के मुलांना जागा राखून ठेवल्या. आधीच्या तुकडीत कृष्णवर्णीय मुलं इतकी कमी होती की दहाच्या आतला आकडा म्हणून छापलासुद्धा नव्हता. नव्या पहिल्या तुकडीत ती सुमारे ७ टक्के झाली, हिस्पॅनिक ११ टक्के, आणि एशियन ७३ वरून ५४ वर आली. एशियन पालकांच्या गटाने खटला भरला. २०२३ मध्ये अपील कोर्टाने डिस्ट्रिक्टच्या बाजूने निकाल दिला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायला नकार दिला. आपल्या काही मुलांच्या जागा गेल्या हे खरं आहे, ते मी नाकारत नाही. पण ज्या मिडल स्कूलमधून वर्षानुवर्षं कुणीच जात नव्हतं तिथली हुशार मुलंही खरीच आहेत.

ज्यात कुणाचंच काही जात नाही असे दोन उपाय करून पाहिले गेलेत.

पहिला, सगळ्यांची चाचणी. फ्लोरिडातल्या ब्राउअर्ड काउंटीत गिफ्टेडसाठी मुलाचं नाव शिक्षक किंवा पालक सुचवायचे. २००५ च्या सुमारास त्यांनी दुसरीतल्या प्रत्येक मुलाची शब्दविरहित चाचणी शाळेतच, शाळेच्या वेळेत घेतली. आयक्यूची अट तीच ठेवली. तरी गरीब, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक गिफ्टेड मुलांची संख्या खूप वाढली. म्हणजे मुलं आधीही होती, नाव सुचवणारं कुणी नव्हतं. पुढे मंदीत पैसे आटले, चाचणी बंद झाली आणि जुनी दरी परत आली.

दुसरा, आपोआप प्रवेश. टेक्सासच्या २०२३ च्या कायद्यानुसार पाचवीच्या गणितात वरच्या ४० टक्क्यांत आलेलं मूल सहावीत थेट ॲडव्हान्स्ड गणितात जातं. नको असेल तर पालकाने तसं कळवायचं. डॅलसने हे त्याआधीच सुरू केलं होतं. वॉशिंग्टन राज्यात फेडरल वे डिस्ट्रिक्टने २०१० मध्ये पायंडा पाडला, २०१९ मध्ये राज्याने हायस्कूलसाठी कायदा केला. यात फरक पडतो तो फॉर्ममध्ये. 'हवं असेल तर सही करा' असा फॉर्म असेल तर माहीतगार घरंच सही करतात. 'नको असेल तर सही करा' म्हटलं की उंबरठाच उरत नाही.

हे फसतं कुठे? आपोआप प्रवेश दिला पण पहिल्या सहा आठवड्यांत मदतीचा तास ठेवला नाही, तर मुलं डिसेंबरात बाहेर पडतात. तो तास शाळा सुटल्यावर ठेवला आणि लेट बस दिली नाही, तर बसने येणारी मुलं त्याला बसूच शकत नाहीत. आणि कौन्सेलरला फोनवर मूल खालच्या वर्गात हलवायची मुभा असेल तर वर्षाअखेर वर्गाचा रंग पूर्वीसारखाच. म्हणून बोर्डाकडे दोन आकडे मागायचे: किती मुलं वर्गात आली, आणि त्यातली किती जूनमध्ये त्याच वर्गात होती.

शुक्रतारा

हे उत्तर पटलं. गिफ्टेडच्या यादीपेक्षा 'नाव कोण सुचवतं' हे विचारायला हवं, हे लक्षात आलं. आमच्या पालकगटात फॉर्मचा मुद्दा मांडते.

गोधडी

स्पेशल एज्युकेशनमध्ये (अपंगत्व असलेल्या मुलांच्या शिक्षणात) विषमता दोन्ही दिशांनी जाते. कृष्णवर्णीय मुलांवर 'इमोशनल डिस्टर्बन्स' किंवा 'इंटलेक्चुअल डिसॅबिलिटी' असा शिक्का जास्त बसतो, आणि ज्याला खरंच डिस्लेक्सिया आहे त्या गरीब घरच्या मुलाला मदत मिळत नाही. कॅलिफोर्नियात लॅरी पी. खटल्याच्या १९७९ च्या निकालाने कृष्णवर्णीय मुलांना आयक्यू चाचणीवरून मतिमंदांच्या वर्गात टाकणं थांबवलं, ते याच कारणाने.

आयडिया या अपंग मुलांच्या शिक्षणाच्या फेडरल कायद्यानुसार राज्याला दरवर्षी प्रत्येक डिस्ट्रिक्टचे रिस्क रेशो काढावे लागतात: सात वंशगट, आणि अपंग म्हणून ओळख, कुठल्या वर्गात ठेवलं व शिस्त हे मिळून १४ प्रकार. राज्याने ठरवलेली मर्यादा ओलांडली की डिस्ट्रिक्टला आपल्या फेडरल आयडिया निधीतले १५ टक्के सुधारणेसाठी बाजूला काढावे लागतात. आपला डिस्ट्रिक्ट त्या यादीत आहे का, हे राज्याच्या शिक्षण खात्याला विचारता येतं.

पालकाच्या हातातल्या मुदती:
- तपासणीची मागणी लेखी करा, तारीख टाकून. तोंडी मागणीला पुरावा राहत नाही.
- संमतीवर सही झाल्यापासून ६० दिवसांत तपासणी. राज्याची वेगळी मुदत असेल तर ती.
- 'आधी आरटीआय (वर्गातली टप्प्याटप्प्याची जादा मदत) पूर्ण होऊ दे' म्हणून तपासणी लांबवता येत नाही.
- आयईपी (अपंग मुलासाठीचा लेखी शिक्षण-आराखडा) असलेल्या मुलाला शाळा दहापेक्षा जास्त दिवस बाहेर ठेवणार असेल, तर निर्णयापासून दहा शालेय दिवसांत 'हे वागणं अपंगत्वामुळे होतं का' यावर बैठक घ्यावीच लागते.
- कुठलंही सस्पेन्शन, अगदी दहा दिवसांच्या आतलंही, कारण न सांगता आणि मुलाचं न ऐकता देता येत नाही. गॉस विरुद्ध लोपेझ, १९७५.

शेवटच्या दोन बाबी बहुतेक पालकांना कुणी सांगत नाही. ओळखीतल्या प्रत्येकाला सांगा, मग ते आपल्या गावचे असोत वा नसोत.

मैत्रेयी_एस

गोधडीताईंना जोड देते, मराठी घरांपुरती. प्रवेशाच्या वेळी 'होम लँग्वेज सर्व्हे' भरायचा असतो. ती सोय आली १९७४ च्या लाऊ विरुद्ध निकल्स निकालाच्या पाठोपाठ. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांना न कळणाऱ्या इंग्रजीत बसवून ठेवणं म्हणजे शिक्षण नाकारणंच, असं सुप्रीम कोर्टाने म्हटलं. कृष्णवर्णीयांनी लढून मिळवलेल्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या टायटल सिक्सवर (फेडरल पैसा घेणाऱ्यांना वंश, रंग, मूळ देश यांवरून भेदभाव करायला मनाई करणारा भाग) तो निकाल उभा आहे.

आपले पालक अनेकदा 'मराठी' लिहायला कचरतात, मूल मागे पडेल म्हणून. खरं लिहा. पुढे इंग्रजीची छोटी चाचणी होते. कॅलिफोर्नियात ती प्रवेशानंतर ३० दिवसांत. मूल पास झालं तर विषय संपला. नाही झालं तर मदतीचे तास मिळतात, ते नको असतील तर पालकांना नाकारता येतात. फक्त वार्षिक चाचणी द्यावी लागते. घरोघरी खोटं लिहिलं गेलं तर इंग्रजी शिकणाऱ्यांची गणती घटते, आणि दर्यासारंग यांनी सांगितलेला जादा निधीही. त्याचा फटका आपल्या शेजारच्या ग्वाटेमालन मुलाला बसतो.

मुलाची स्पेशल एज्युकेशनसाठी तपासणी होणार असेल तर ती शक्य तिथे मुलाच्या भाषेत व्हायला हवी. मराठी जाणणारा तज्ज्ञ मिळत नसेल तर दुभाषा लेखी मागा, आणि अहवालात दुभाषा होता की नव्हता याची नोंद करायला लावा.

पिंपळपान

तक्रार कुठे करायची? आणि एक बाजूचा प्रश्न: आपल्याच मुलांत जातीवरून टोमणे मारले गेले तर?

गोधडी

क्रम असा. आधी मुख्याध्यापकांना लेखी. मग डिस्ट्रिक्टच्या टायटल सिक्स समन्वयकाला. बहुतेक डिस्ट्रिक्टमध्ये नागरी हक्कांची तक्रार घेणारी व्यक्ती नेमलेली असते. मग राज्य. फेडरल ऑफिस फॉर सिव्हिल राइट्सकडे घटनेपासून १८० दिवसांत ऑनलाइन तक्रार करता येते, वकील लागत नाही. डिस्ट्रिक्टच्या उत्तराची वाट बघताना हे १८० दिवस उलटू देऊ नका. हल्ली एक अडचण आहे: मार्च २०२५ मध्ये या कार्यालयाच्या बारा प्रादेशिक शाखांपैकी सात बंद केल्या, त्यामुळे राज्याच्या यंत्रणेकडेही समांतर अर्ज ठेवा. मुलाची फाइल मागितली की शाळेने ४५ दिवसांत दाखवावी लागते. डिस्ट्रिक्टचे एकत्रित आकडे हवे असतील तर राज्याच्या माहिती अधिकाराखाली अर्ज करा. उत्तराची मुदत न्यूजर्सीत ओप्राखाली (तिथला माहिती अधिकार कायदा) सात कामाचे दिवस, कॅलिफोर्नियात दहा दिवस.

नुसता विषम परिणाम दाखवून पालकाला टायटल सिक्सखाली कोर्टात जाता येत नाही, हे २००१ च्या सँडोव्हल निकालाने ठरलंय. हेतू सिद्ध करावा लागतो. म्हणून कोर्टापेक्षा बोर्डाकडे आकडे घेऊन जाणं बहुतेक वेळा जास्त फळतं.

जातीबद्दल: कॅलिफोर्नियाच्या २०२३ च्या विधेयकाने शिक्षण कायद्यातही जातीचा उल्लेख आणला असता, पण गव्हर्नरांनी ऑक्टोबरात ते फेटाळलं. फेटाळताना त्यांनी म्हटलं की असा भेदभाव सध्याच्या कायद्यातही निषिद्धच आहे. तिथे तक्रार लिहिताना 'ॲन्सेस्ट्री'वरून (वंशपरंपरेवरून) छळ असा शब्द वापरा, आणि काय बोललं गेलं ते जसंच्या तसं, अर्थासह लिहा. मुख्याध्यापकांना संदर्भ माहीत नसतो, तो द्यावा लागतो. आणि हा प्रश्न 'घरातला' म्हणून दाबू नये, ही माझी कळकळीची विनंती.

दर्यासारंग

हद्दींचा विषय राहिला. शाळा आजही इतक्या वेगवेगळ्या का, याचं मोठं कारण १९७४ चा मिलिकन निकाल. डेट्रॉइटच्या आसपासच्या उपनगरांनी स्वतः भेदभाव केल्याचं सिद्ध झाल्याशिवाय त्यांना वांशिक एकत्रीकरणात ओढता येणार नाही, असं कोर्टाने ठरवलं. वंशावरून वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४ च्या ब्राउन निकालाची धार तिथे डिस्ट्रिक्टच्या वेशीवर थांबली. पुढे २००७ मध्ये सिएटलच्या खटल्यात एकेका मुलाला वंश बघून शाळा देणंही बंद झालं. तरी हद्दी कुठे आखायच्या, नवी शाळा कुठे बांधायची, मॅग्नेट (हद्दीबाहेरच्या मुलांनाही घेणारी खास विषयाची शाळा) कुठे ठेवायचं, हे ठरवताना परिणाम बघायला वाव आहे, असं न्या. केनेडी यांनी वेगळ्या मतात लिहिलं.

हद्दबदलाची सभा लागली की नकाशाचे तीनचार पर्याय येतात. प्रत्येक पर्यायाखाली तीन ओळी मागा: प्रत्येक शाळेत क्षमतेच्या किती टक्के मुलं, डायरेक्ट सर्टिफिकेशनची टक्केवारी, बसचा सर्वात लांब प्रवास किती मिनिटांचा. पहिली ओळ नेहमी असते, दुसरी मागितल्याशिवाय येत नाही. घरांच्या किमतीची भीती घेऊन आपल्यातलेच बरेच जण अशा सभांना जातात. त्यांच्याशी बोलायला हवं, सभेआधी, घरी जाऊन.

रानवारा

सभेत बोलण्याबद्दल. पब्लिक कमेंटला बहुधा दोन ते तीन मिनिटं मिळतात. नाव आधी नोंदवावं लागतं, काही ठिकाणी त्याच दिवशी दुपारपर्यंत. दोन मिनिटांत एक आकडा, एक कारण, एक मागणी बसते. उदाहरणार्थ: 'आज्ञाभंगाच्या सस्पेन्शनचा रेशो ४ आहे, मारामारीचा दीड. पुढच्या महिन्याच्या अजेंड्यावर कारणनिहाय अहवाल ठेवावा.' 'इक्विटी' या शब्दावरून सध्या भांडणं पेटतात. वंश लक्षात घेणारे कार्यक्रम बेकायदा म्हणणाऱ्या फेब्रुवारी २०२५ च्या फेडरल शिक्षण खात्याच्या पत्राने अनेक डिस्ट्रिक्ट बिचकले, एप्रिलमध्ये कोर्टांनी त्याला अटकाव केला तरी धास्ती उरली आहे. म्हणून आकडा पुढे ठेवा, शब्द मागून आला तरी चालेल.

चार जण जाणार असाल तर चारही जणांनी तेच बोलू नका, विषय वाटून घ्या. आणि एनएएसीपीच्या (कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी जुनी संघटना) स्थानिक शाखेला किंवा हिस्पॅनिक पालकांच्या गटाला आधी विचारा की त्यांची मागणी काय आहे. ते बहुधा आपल्याआधी कितीतरी वर्षं तिथे बसलेले असतात. त्यांच्या मागणीला आपली सही आणि आपला तक्ता जोडला की बोर्डाला ती एका समाजाची म्हणून बाजूला ठेवता येत नाही. रिस्क रेशोचं कोरं स्प्रेडशीट कुणाला हवं असेल तर इथेच लिहा, स्तंभांचा क्रम आणि सूत्रं टाकतो.